पट्टा की घड्याळ

गंगाखेडला ज्यांच्या घरात मी सहा वर्षं भाड्यानं राहिलो, ते आमचे घरमालक भेटल्यावर नमस्कार करत नसत. मनगट धरत. आपण "काय काका, बरंय ना?" म्हणत जवळ जावं, तोवर त्यांची दोन बोटं आपल्या अंगठ्याच्या मुळाशी येऊन बसलेली असत आणि नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे लागलेली असे. अर्धा मिनिट कुणी बोलायचं नाही. मग ते "हूं" म्हणत. हा हूं दोन प्रकारचा होता. एक आखूड, म्हणजे जा आपल्या कामाला. दुसरा जरा लांबत जाणारा. तो कानावर पडला की दिवसभर माझ्या छातीत काहीतरी होतंय असं मला वाटत राही. कॉलेजात मुलांना पानाचा छेद समजावताना मी खडू खाली ठेवून स्वतःचंच मनगट चाचपायचो. मी मुळात भित्रा माणूस, त्यात घरमालक असा मिळालेला.

ते डॉक्टर नव्हते. एका जुन्या डॉक्टरांच्या हाताखाली पस्तीस वर्षं कंपौंडर होते. डॉक्टर वारले, दवाखान्याला कुलूप लागलं, पण काकांची बोटं काही निवृत्त झाली नाहीत. न्हाव्याच्या खुर्चीत बसले की ते वस्तरा धरलेल्या न्हाव्याचं मनगट पकडत, आणि तो बिचारा वस्तरा तसाच हवेत धरून उभा राही. एसटीत कंडक्टरनं तिकीट द्यायला हात पुढे केला की तिकीट राहिलं बाजूला. एका लग्नात अक्षता पडल्यावर नवरदेवाला भेटायला गेले आणि मांडवात सगळ्यांदेखत म्हणाले, "एकशे दहा. काही फिकीर करू नको. आज सगळ्यांचीच तेवढी असती."

लोक हसायचे, पण हात पुढे करायचे. पुढे एक गोष्ट घडली आणि हे हसणं थांबलं.

बस स्टँडसमोर उसाची रसवंती चालवणारा एक धट्टाकट्टा माणूस होता. चाळिशीचाही नसेल. काका रस प्यायला थांबले, ग्लास घेताना सवयीनं त्याचं मनगट धरलं आणि त्या दिवशी ना आखूड हूं आला, ना लांब. ते गप्पच राहिले. मग म्हणाले, "आजच्या आज दुकान बंद कर आन् परभणीला जाऊन छाती दाखव." तो हसला. "काका, सीझन हाय. संपला की जातो." तिसऱ्या दिवशी सकाळी तो चरकाजवळच कोसळला. मी तेव्हा कॉलेजला निघालो होतो. रस्त्यात गर्दी दिसली, मी पुढे जाऊन बघितलं नाही. मला धीर झाला नाही.

त्यानंतर काका दिसले की लोक हात खिशात घालू लागले. खरंच सांगतो, मी डोळ्यांनी बघितलंय. आमच्या गल्लीतली एक बाई काका समोरून आले की कडेवरच्या लेकराचा हात पदराखाली घ्यायची. काकांना हे कळत होतं. एकदा अंगणात बसले असताना ते मला म्हणाले, "सर, खरं सांगा. माझ्या बोटाला कळलं मनून तो गेला, का तो जायलाच व्हता मनून बोटाला कळलं?" मी वनस्पतिशास्त्र शिकवणारा माणूस. मी काय सांगणार? "जायलाच होता हो," म्हणालो. त्यांचा विश्वास बसला नाही, आणि खरं तर माझाही बसला नव्हता.

दोन माणसांची नाडी मात्र ते कधीच बघत नसत. एक स्वतःची आणि दुसरी काकूंची. का म्हणून विचारलं तर म्हणाले, "जिथं जीव गुंतलाय तिथं बोटं खोटं बोलतात. कमी असलं तरी बरोबर लागतं." काकू स्वयंपाकघरातून हसल्या. "माझी बघून काय करता? मला काय व्हतंय!" आणि खरोखरच काकूंना कधी काही होत नसे. निदान त्या घरात तसंच समजलं जाई. पहाटेपासून त्यांचे हात चालू असत, बांगड्या वाजत असत, आणि त्या आवाजाची इतकी सवय होती की तो थांबल्याशिवाय लक्षात आला नसता.

रसवाल्याच्या त्या प्रकारानंतर काकांना स्वतःची भीती बसली. दाराला आतून कडी लावणं त्यांनी बंद केलं. "झालं काही तर लोकांनी दार कसं तोडावं? सागवानी हाय." एसटीत ड्रायव्हरच्या मागची जागा मिळाली नाही तर ती गाडी सोडून देत. आंघोळीला गेले की आतून मोठ्यानं रामरक्षा म्हणत, आणि मध्ये आवाज थांबला तर काकूंनी हाक मारायची असं ठरलेलं होतं. ते कधी कधी मुद्दाम थांबत. काकू हाक मारतात का ते बघायला. काकू दर वेळी मारायच्या, कणकेचे हात तसेच घेऊन न्हाणीच्या दारापर्यंत धावत.

त्यांना एकच मुलगी. पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत होती. बापाची ही तऱ्हा तिला फोनवरून कळत होती आणि ती काळजीनं अर्धी होत होती. तिनं ठरवलं की अण्णांच्या, म्हणजे काकांच्या, हातात ठोके मोजणारं काहीतरी बांधायचं, म्हणजे पुण्यात बसून तिला दिसत राहील. आता फिटनेस बँड घ्यायचा की स्मार्टवॉच, हा प्रश्न तिनं बापावर सोपवला. तिथं तिचं चुकलं.

काकांनी महिनाभर चौकशी केली. ज्याच्या ज्याच्या मनगटावर काही दिसलं त्याला त्याला त्यांनी गाठलं. लोकांना वाटे, आले नाडी बघायला, आणि ते हात मागे घेत. काका म्हणत, "नाडी न्हाई बघत, बाबा, पट्टा बघायलोय." बँडला ते पट्टा म्हणत आणि स्मार्टवॉचला घड्याळ. दोन्हींची त्यांना भीती वाटत होती, पण ती वेगवेगळी. घड्याळाला रोज चार्जिंग लागतं, हे कळल्यावर ते माझ्या खोलीत येऊन बसले. "रोज चार्ज करायचं म्हंजे रोज तासभर हातातून काढायचं. आन् त्याच तासात झालं तर?" मी म्हणालो, मग पट्टा घ्या, तो आठ-दहा दिवस चालतो. तर म्हणाले, "पट्टा नुसता मोजतो. ओरडत न्हाई. मी पडलो तर तो माझ्या हातावर बसून मोजतच ऱ्हाईल."

शेवटी मुलीनं वैतागून दोन्ही पाठवले. दहा दिवस वापरा, आवडेल ते ठेवा, दुसरं परत करा.

ते दहा दिवस मी विसरणार नाही. काका डाव्या हातात पट्टा आणि उजव्या हातात घड्याळ बांधून अंगणात बसत. पट्टा सांगायचा अठ्ठ्याहत्तर, घड्याळ सांगायचं एक्क्याण्णव. मग काका दोन्ही मनगटं शेजारी धरून माझ्यासमोर उभे. "एकच काळीज हाय ना, सर, माझ्यात? मग ह्यातलं एक खोटं बोलायलंय. कोणतं?" मी सांगितलं की यंत्रांमध्ये थोडंफार इकडे-तिकडे होतं. "तेरा ठोके म्हंजे थोडंफार? तेरा ठोक्यांत माणूस जातोय." तुरीच्या शेंगा सोलत बसले होते, तर पट्ट्यानं बसल्या जागी चारशे पावलं मोजली. काकूंना हसू आवरेना. काका हसले नाहीत. चारशे पावलं कुणी चाललं असेल, हेच ते मला विचारत राहिले.

त्यांचं मन पट्ट्याकडे होतं. "तो गप बसतोय. गप बसणाऱ्यासंगं माणसाला जगता येतं." मुलगी फोनवर म्हणाली, "अण्णा, गप्प बसणारंच मला नकोय." मलाही विचारलं. मी सायन्सचा माणूस, मीही ऐटीत सांगितलं, घड्याळच ठेवा. ठोक्यांमध्ये काही वेडंवाकडं झालं तर ते लगेच ताईंच्या फोनवर कळवेल. घड्याळ काकांच्या फोनला जोडलं मीच. वय एकाहत्तर, पुरुष, वजन अमुक, सगळं मीच भरलं. फोन घरात जवळच असायला हवा, म्हणून त्याची जागा फ्रीजवर ठरवून दिली. पट्टा परत गेला.

आणि चार दिवसांत काकांची दशा झाली. दुपारी आडवे झाले की घड्याळ मनगटावर थरथरे: बसल्या जागी ठोके जास्त. काका आकडा बघत. बघितला की घाबरत. घाबरले की आकडा वाढे. तो वाढलेला बघून आणखी घाबरत. मला म्हणाले, "आधी मी घाबरतो का आधी आकडा वाढतो, ह्ये मला कुणी सांगायला तयार न्हाई." त्यांचं जेवण तुटलं. गाल बसले. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं, कारण तो सल्ला माझा होता.

पाचव्या दिवशी कॉलेजातून आलो, तर ते घड्याळ काकूंच्या हातात, बांगड्यांच्या मागे सरकवलेलं.

"माझ्या हाती ऱ्हाऊ द्या, मीच मनले," काकू म्हणाल्या. "तितं लेकराला दिसायला पायजे ना, चालू हाय मनून." काका दारात उभे होते. खूप दिवसांनी त्यांनी पोटभर जेवून घेतलं होतं. "सर, पोरीला सांगू नका. तिला फिकीर नको, मला बी नको. घड्याळ बी चालू, आमी बी चालू."

मी सांगितलं नाही. मला ते गमतीचं वाटलं. पुढचे दोन महिने तर मजाच झाली. मुलीचा रोज फोन. "अण्णा, काल नऊ हजार पावलं! पहाटे पाचलाच सुरुवात!" काका लाजून "व्हय, जरासक फिरलो" म्हणत. नातेवाइकांत बातमी पसरली की अण्णांनी या वयात चालायला घेतलंय. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी काकूंना विचारलं, घड्याळ लेकीनं घेतलं का? काकू नुसत्या हसल्या.

फेब्रुवारी संपत आला होता. उसाच्या गाड्यांनी रस्ता भरलेला. दुपारी पहिला तास संपवून मी स्टाफरूममध्ये आलो आणि मुलीचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता. "सर, अण्णांचे ठोके बिघडलेत. अनियमित म्हणून तीनदा इशारा आलाय. त्यांचा फोन कुणी उचलत नाहीये. आधी त्यांना दवाखान्यात न्या, सर, मी पाया पडते तुमच्या."

मी धावलो. फ्रीजवरच्या फोनचा आवाज बंद झालेला होता, घरात कुणाला पत्ताच नव्हता. घरी पोचून मी फक्त एवढंच म्हणालो, "काका, ताईंचा फोन होता, ठोके बिघडलेत म्हणे," आणि काका होते तिथं खाली बसले. हात छातीवर गेला. चेहरा पांढरा झाला, कपाळावर घाम आला. "मनलं व्हतं मी," ते पुटपुटले. "मनलं व्हतं." काकूंनी पाणी पाजलं, पाठीवरून हात फिरवला, त्यांच्या जुन्या तपासण्यांची फाईल पिशवीत घातली. मी रिक्षा बोलावली. काकूंनीच एका बाजूनं आधार देऊन त्यांना बसवलं. "तुमी व्हा म्होरं, मी कपडे घेऊन मागून येते," त्या म्हणाल्या आणि फाटकाला धरून उभ्या राहिल्या. त्यांना धाप लागली होती. मला ते दिसलं.

आता मला जे लिहायचंय ते लिहायला जड जातंय. रिक्षा नाक्यापर्यंत गेली नव्हती, तेवढ्यात माझी नजर काकांच्या छातीवरच्या हाताकडे गेली. मनगट मोकळं होतं. घाईत आम्ही सगळेच विसरलो होतो. मला कळलं. सगळं कळलं. पण काका डोळे मिटून कण्हत होते आणि मला वाटलं, यांनाही खरंच काही झालं असलं तर? आधी यांचं बघू. रिक्षा मागे वळव, एवढे शब्द तोंडातून काढायला मला धीर झाला नाही. लोकांना हा गोंधळ वाटेल. मला तो भित्रेपणा वाटतो, आणि माझ्याइतकं त्याला कोण ओळखणार.

गावातल्या दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते, चटपटीत. काकांना आडवं केलं, छातीवर चकत्या चिकटवल्या, यंत्रातून कागद निघाला. डॉक्टरांनी तो उजेडात धरला आणि हसले. "काका, काही नाहीये हो. ठोके एकदम बरोबर आहेत." काकांनी एक डोळा उघडला. मी मुलीला फोन लावून स्पीकरवर ठेवला. डॉक्टरांनी तिलाही तेच सांगितलं. पलीकडून ती ओरडलीच. "असं कसं? आत्ता परत इशारा आलाय! आत्ता, या मिनिटाला!"

डॉक्टरांनी कागदाकडे बघितलं. मग काकांच्या एका मनगटाकडे आणि दुसऱ्या मनगटाकडे. "घड्याळ कुठंय?" त्यांनी विचारलं.

काकांचा चेहरा त्या क्षणी जसा झाला तसा मी पुन्हा कुणाचा बघितला नाही, आणि बघायचीही इच्छा नाही. ते ताडकन उठले. तारा तुटल्या. छातीवर दोन-तीन चकत्या तशाच, शर्टाची बटणं उघडी, पायात चप्पल नाही, असे ते एकाहत्तर वर्षांचे काका रस्त्यावर धावत सुटले. मी मागे, रिक्षावाला माझ्या मागे. आयुष्यभर मरणाला भ्यालेला माणूस उसाच्या ट्रॉल्यांमधून वाट काढत धावत होता आणि त्याचं कशाकडेच लक्ष नव्हतं.

काकू वाचल्या. हे मी इथंच सांगून टाकतो. असल्या गोष्टीत ताटकळत राहणं मला सोसत नाही.

त्या आम्हाला मागच्या पडवीत सापडल्या. कपड्यांची पिशवी भरलेली होती, चप्पल घातलेली होती आणि त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. ओठ निळसर. एक हात नीट उचलत नव्हता. मनगटावरचं घड्याळ थांबून थांबून थरथरत होतं. "ह्यांचं कसं हाय?" हेच त्यांनी मला विचारलं, आणि शब्द जरासे ओढत आले.

मागोमाग आलेल्या डॉक्टरांनी वेळ न घालवता गाडीची सोय केली. परभणीपर्यंत काकू स्ट्रेचरवर, त्यांच्या पायाशी काका, त्यांच्याशेजारी मी. वाटेत मुलीचा फोन आला. मी तो स्पीकरवर टाकून काकांच्या हातात दिला. ते नको म्हणाले नाहीत.

"बाळा, ते ठोके माझे न्हाईत. तुझ्या आईचे हायत."

"कधीपासून?"

"पहिल्या आठवड्यापासून."

 मग ती म्हणाली, "म्हणजे ती पावलंसुद्धा?"

"व्हय. सगळी तिची." काका रडत होते. गाडीचा भोंगा वाजत होता, म्हणून तिला ते ऐकू गेलं की नाही, मला माहीत नाही.

परभणीच्या दवाखान्यात संध्याकाळपर्यंत काकूंची जीभ बरीच सुटली, हातही थोडा हलू लागला. ठोके वेडेवाकडे पडून रक्ताची गुठळी होते आणि ती डोक्यात जाते, असं तिथल्या डॉक्टरबाईंनी आम्हाला समजावलं. अजून अर्धा तास उशीर झाला असता तर, असं म्हणून त्या काकूंच्या सलाईनकडे वळल्या. गंगाखेडच्या दवाखान्यात काकांची तपासणी चालली होती तेवढा वेळ माझ्या डोळ्यांपुढे आला. मी भिंतीकडे बघत उभा राहिलो.

मग बाईंनी कागद घेतला आणि काकांना विचारायला सुरुवात केली. यांना धाप कधीपासून लागते? रात्री झोपताना उशा किती लागतात? पायाला सूज येते का? चक्कर येते का? छातीत धडधड होते असं कधी म्हणाल्या होत्या?

काका एकेका प्रश्नाला मान हलवत राहिले. निम्म्या गंगाखेडची नाडी त्यांना तोंडपाठ होती. "मला मालूम न्हाई, बाई," ते म्हणाले. "मला ह्यातलं काहीच मालूम न्हाई."

"दिवाळीपासून," काकू पलंगावरून म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण शब्द नीट होते. "जिना चढला की धाप लागती. दोन उशा लागत्यात. कधी कधी बसूनच झोपते."

"अहो, मग घरात सांगितलं का नाही?" डॉक्टरबाई जरा चिडूनच म्हणाल्या.

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं नाही. काकांकडे बघितलं, आणि कुणाचा तरी खोडसाळपणा झाकावा तशा ओशाळं हसल्या.

"ह्ये घाबरतात ना," त्या म्हणाल्या.

 काकू मग मलाच म्हणाल्या, "सर, ह्यांना भाईर न्या. सकाळपासून पोटात काही न्हाई ह्यांच्या."

मी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी तो बाजूला केला. कोपऱ्यातलं स्टूल ओढून ते पलंगाला लावलं आणि बसले.  

"आता सांग," ते म्हणाले. "आजपतोर जे जे सांगितलं न्हाईस ते सगळं सांग. मी घाबरनार. घाबरू दे. तू सांग."

काकूंनी मान उशीवर जरा वर सरकवली, थोडा वेळ आठवल्यासारखं केलं, आणि पायाच्या सुजेपासून सुरुवात केली.